दुपारी तीनला बंद पडणारा कॉम्प्युटर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचा टॉवेलचा लहान कारखाना. ऑफिसात २०११ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप: आय३-२१०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर त्यावरच, आणि बिलं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बन लावून निघतात. तक्रारी तीन. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, तारीख रोज सकाळी मागं गेलेली असते, आणि मार्च लागला की दुपारी तीनच्या सुमाराला तो आपोआप बंद पडतो. एकानं सांगितलं फॉरमॅट मारा, दुसऱ्यानं सांगितलं भंगारात घाला, वडील म्हणतात चालतोय तोवर चालू दे.

मी वडिलांच्या बाजूचा आहे, पण त्यांच्या कारणासाठी नाही. ‘जुना झालाय’ हे निदान नव्हे. सत्तरीच्या माणसाचा गुडघा दुखतो, नीट दिसत नाही आणि रात्री खोकला येतो, तर डॉक्टर ‘वय झालं’ एवढंच म्हणून चिठ्ठी लिहीत नाही. (लिहिणारे आहेत, पण त्यांच्याकडे आपण परत जात नाही.) तुमच्या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळे आजार आहेत. एकाचा दुसऱ्याशी फारसा संबंध नाही, आणि फॉरमॅट मारून तिन्हीतला एकही जाणार नाही. फार तर पहिला चार दिवस दबून राहील.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम बावीस वर्षं करतोय, पेंटियम फोर घरोघरी होता तेव्हापासून. त्यातून शिकलेली पहिली गोष्ट अशी, की स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी टॅलीचा डेटा बाहेर काढायचा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. दुकान टाकून दोनेक वर्षं झाली होती. एका विडी ठेकेदाराचं मशीन आलं, तक्रार तीच, ‘लई स्लो आहे’. मी हुशारी केली आणि रात्री डिस्क चेक, खराब सेक्टर (डेटा साठवायचे डिस्कवरचे तुकडे) दुरुस्तीसकट, लावून घरी गेलो. ती डिस्क आधीच मरणपंथाला लागलेली होती. मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर टोकापासून टोकापर्यंत पळवलं की काय होतं ते सकाळी कळलं: टक्, टक्, टक् आणि मग शांत. ठेकेदाराच्या मुलीनं चिठ्ठ्याचपाट्यांवरून दोन महिने हिशेब परत भरले. तिच्याशेजारी बसून मीही भरले, दुसरं करणार काय. तेव्हापासून स्लो म्हणून आलेल्या मशीनवर मी आधी डिस्कची तब्येत बघतो आणि डेटा काढल्याशिवाय तिला कसलंही काम सांगत नाही.

तेव्हा आज घरी जाऊन एवढं करा. टॅलीमधला बॅकअप घ्या, शिवाय त्याचा डेटा फोल्डर आख्खाच्या आख्खा दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा, आणि त्यातला एक दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडून बघितलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. डेस्कटॉपवर आणि डाउनलोडमध्ये पडलेल्या फायली विसरू नका, बहुतेकांची निम्मी दौलत तिथंच असते. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. त्यात ०५, सी५ आणि सी६ अशा तीन ओळी शोधा. ०५ म्हणजे डिस्कनं बाद करून बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळं निकालाची वाट बघत बसलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. तिन्हीसमोर शून्य असेल तर डिस्क म्हातारी पण धडधाकट. सी५ चा आकडा दर आठवड्याला वाढत असेल, तर ती तिचा निरोप सांगतेय. सी७ वाढलेला दिसला तर घाबरू नका, तो डिस्कचा नसून बहुतेक वेळा डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलचा दोष असतो. केबल बदलली की वाढ थांबते.

आता दुपारी तीनच्या दुखण्याकडे येतो. सोलापूरच्या मशीनचा खरा आजार हाच.

टॉवेलच्या कारखान्यातून आलेलं कॅबिनेट उघडणं हा वेगळाच अनुभव असतो. बाजूचा पत्रा सरकवला की आत धूळ दिसत नाही, लव दिसते. माग चालताना सुताची जी बारीक तुसं उडतात, ती दारं बंद केली तरी ऑफिसात येतात आणि पंखा ती ओढून घेतो. प्रोसेसरच्या पंख्याखाली, पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) पत्र्यांच्या मधे, ती दाबून दाबून बसतात आणि त्यांचं चक्क कापड होतं. गेल्या वर्षी एका मशीनचा पंखा काढला तर खाली रुपयाच्या नाण्याएवढ्या जाडीच्या तीन नाण्यांची चळत होईल एवढी जाड, गोल गोधडी निघाली. एका बाजूनं तिच्यावर हीटसिंकच्या पात्यांचे ठसे उमटलेले. कडेनं बघितलं तर थर दिसत होते: खाली पांढरा, मधे गुलाबी, मग परत पांढरा, वर निळसर. मालकांना दाखवली तर ते म्हणाले, गुलाबीची ऑर्डर दिवाळीच्या आधीची. कारखान्याचं रजिस्टरच होतं ते.

पंखा त्या गोधडीवर जीव तोडून फिरतो, आवाजही करतो, म्हणून लोकांना वाटतं पंखा तर चालू आहे. वारा खाली उतरतच नाही. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश, वर पत्र्याचं छप्पर. हीटसिंक काही जादू करत नाही, आत येणाऱ्या हवेपेक्षा थंड तो प्रोसेसरला कधीच करू शकत नाही. जानेवारीत २५ अंशाची हवा मिळत होती, आता ४५ ची मिळतेय, म्हणजे आतला सगळा हिशेब वीस अंशांनी वर सरकला. हिवाळ्यात जे मशीन ७५ अंशांवर निभावून नेत होतं, ते मेमध्ये शंभराच्या घरात जातं. तिथं प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर जळू नये म्हणून बंद पडतो. म्हणजे दुपारी तीनला बंद पडणारा प्रोसेसर बिघडलेला नाही, तो शहाणा आहे.

पण ते उष्णतेमुळंच आहे हे आधी ठरवा. बंद पडल्यावर लगेच बटण दाबून बघा. सुरू होऊन दोन मिनिटांत परत पडत असेल, आणि अर्धा तास थांबल्यावर मात्र तासभर चालत असेल, तर उष्णताच. लगेच सुरू होऊन पुढं दोन तास नीट चालत असेल तर संशय विजेवर. शेजारची मोठी मोटर किंवा कॉम्प्रेसर सुरू होतानाच मशीन पडतंय का, तेही बघून ठेवा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, हार्डवेअर मॉनिटर नावाचं पान असतं, तिथं तापमान थेट दिसतं. काही काम न करता तिथंच ते ऐंशीच्या पुढं चढत असेल तर कॅबिनेट उघडायचं.

साफसफाईबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मशीनं धुळीपेक्षा साफसफाईनं जास्त मरतात. पंक्चरच्या दुकानात कॅबिनेट नेऊन हवा मारून आणणारे लोक मी दर महिन्याला बघतो. त्या हवेत पाणी असतं, कॉम्प्रेसरचं तेल असतं, आणि दाब ट्रकच्या टायरसाठीचा असतो. लहान हाताचा ब्लोअर आणि अर्धा इंची रंगाचा कोरा ब्रश पुरे. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो वाजवीपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं. गच्चीत करा, सकाळी करा, नाकाला रुमाल बांधा. लव फुंकून जात नाही, ती चिमट्यानं किंवा बोटांनी उचलून काढायची असते. मग उरलेल्यावर हवा.

हीटसिंक काढायचा असेल तर आधी मशीन पाच मिनिटं चालवून बंद करा, प्लग काढा. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली वाळलेली पेस्ट थोडी मऊ पडते. तुमच्या बोर्डावर कंपनीचाच पंखा असेल तर त्याला चार काळ्या प्लास्टिकच्या पिना असतात. वरच्या बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवून वर ओढायच्या. चौदा उन्हाळे खाल्लेलं प्लास्टिक आहे, एखादी पिन तुटेलच, म्हणून नवा पंखा-हीटसिंक हाताशी असल्याशिवाय सुरू करू नका. प्रोसेसर सॉकेटमधून काढू नका. त्याची गरज नसते, आणि त्या सॉकेटमधल्या केसाएवढ्या पिनांतली एक वाकली तर बोर्ड गेला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कपड्यानं पुसायची, नवी मुगाच्या दाण्याएवढी मधोमध ठेवायची आणि हीटसिंक वरून सरळ दाबायचा. काही जण पोळीला तूप लावावं तशी लावतात. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या न दिसणाऱ्या फटी भरायचं आहे, त्यांच्यात गादी घालायचं नाही. चारही पिना समोरासमोरच्या जोड्यांनी दाबा आणि बोर्डाच्या मागून चारही आरपार आल्यात का बघा. एक पिन अर्धवट बसली की हीटसिंक एका बाजूनं उचललेला राहतो, आणि मग ‘पेस्ट बदलूनही गरमच होतोय’ म्हणून लोक माझ्याकडे येतात.

एक गोष्ट ऑफिसात जाऊन बघा: कूलरचा झोत कुठं आहे? चांगल्या मनानं लोक वाळ्याचा कूलर कॅबिनेटकडे तोंड करून ठेवतात. ओली हवा आणि अधूनमधून पाण्याचे बारीक तुषार थेट आत जातात, लव ओली होऊन लगद्यासारखी बसते. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते कूलरच्या जाळीवरची पांढरी पुटं बघून कळेलच. तीच पुटं मला रॅमच्या खाचेत सापडली आहेत. कूलर माणसाकडे करा. कॅबिनेट जमिनीवरून फूटभर उचला, भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. एवढ्यानंही आतलं तापमान उतरतं.

मागच्या बाजूला कार्डाच्या रिकाम्या खाचांवरच्या पट्ट्या जागेवर आहेत का, हेही बघा. त्या नसल्या की उंदराला दार उघडं. एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, भाजलेली पाल तर मी दर पावसाळ्यात एक काढतो.

एसएमपीएस निघालाच आहे तर विजेचं बोलून घेऊ. तुमच्या मशीनला खरं तर साठ-ऐंशी वॅटच्या वर काही लागत नाही. तरीही स्वस्तातला ‘४५० वॅट’ लिहिलेला डबा चौदा वर्षांनी तेवढंही नीट देत नाही, कारण आतले वीज साठवणारे कॅपॅसिटर वाळतात. आणि वाळतात ते परत उष्णतेनंच. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. तपासायचं मल्टीमीटरनं, मशीन चालू असताना आणि कामात असताना. डिस्कला जाणाऱ्या चार पिनी जोडात पिवळी-काळी ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मधे हवी, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ च्या मधे. हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरतो का बघणं ही परीक्षा मी पण करतो, पण तिच्यातून एवढंच कळतं की तो मेलेला नाही. भार ओढेल का, ते कळत नाही. एसएमपीएस घरी उघडू नका. आत ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो तिथंच असतो. दुरुस्त करायच्या भानगडीतही पडू नका. कॉम्प्युटरमध्ये नवाच घ्यावा अशी जी एक वस्तू आहे ती ही. हातात घेऊन वजन बघा, हलका डबा परत ठेवा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी विचारतो: कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? टेस्टर लावला तर उजळतो का? येत असतील तर लोक म्हणतात एसएमपीएस लीक आहे. तसं बहुतेक वेळा नसतं. प्रत्येक एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन लहान कॅपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग नीट असेल तर तिथला किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, लटकत राहतं. करंट अगदी थोडा, म्हणून धक्का न बसता झिणझिण्या येतात. पण पेन ड्राइव्ह लावताना, प्रिंटरची केबल जोडताना तेच व्होल्टेज पोर्ट मारतं. बोर्डात चौकशी लावायच्या आधी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधे मल्टीमीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आपल्याकडे एप्रिलनंतर जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. मीठ-कोळसा भरलेला जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायला एखाद्या कामगाराला सांगून ठेवा. मी एका ठिकाणी एवढ्या एका बादलीवर तीन महिन्यांची पोर्ट जळायची कटकट थांबवली आहे आणि पैसे मागताना मलाच लाज वाटली.

तारखेचं दुखणं दोन ओळींचं आहे. बोर्डावर नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीनचा प्लग काढलेला असताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग तो सांभाळतो. तुम्ही रात्री मेन स्विच बंद करता, सेल संपलाय, म्हणून सकाळी घड्याळ मागं. चाळीस-पन्नास रुपयांत काम होतं. फक्त हे लक्षात घ्या, की त्याच चुकीच्या तारखेमुळं बँकेची आणि जीएसटीची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवते, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत मशीनच्या तारखेशी ताडली जाते. त्यावर तुमच्याकडे कुणीतरी अँटिव्हायरस विकून गेला असेल तर मला नवल वाटणार नाही. सेल बदलल्यावर बायोसची सेटिंग मूळपदावर जाते, तेव्हा एकदा आत जाऊन तारीख आणि डिस्कचा मोड बघून घ्या.

डिस्कचा मोड कशासाठी, ते आता सांगतो, कारण दहा मिनिटांचं दुखणं डिस्कचं आहे. तुमचा प्रोसेसर टॅलीसाठी आजही पुरून उरतो. अडतं ते डिस्कवर. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या मुंडीखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय मुंडी सरकायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे डिस्कभर विखुरलेले गोळा करावे लागतात. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरायचं काही नाहीच. तुमच्या एच६१ बोर्डाचं साटा पोर्ट ३ गिगाबिटचं आहे, म्हणजे नव्या एसएसडीचा निम्मा वेग वाया जाईल. जाऊ दे. तो आकडा मोठ्या फायली ओढताना लागतो. सुरू व्हायला लागतो तो शोधायचा वेळ, आणि तो जुन्या पोर्टावरही नाहीसा होतो. दहा मिनिटांची अर्धा-पाऊण मिनिटं होतात. या एका बदलानंतर लोक मला विचारतात, प्रोसेसर पण बदलला का.

२५६ जीबीची साटा एसएसडी घ्या, वॉरंटीचं बिल असलेली. बायोसमध्ये डिस्कचा मोड (बोर्डानं डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई असेल तर नवा एएचसीआय करा, पण नवी विंडोज टाकायच्या आधी. जुनी विंडोज तशीच ठेवून मोड बदलला की निळा पडदा येतो आणि मग रात्री अकराला फोन येतात. रॅम ८ जीबी करा. बाजारात तुमच्या बोर्डाला लागणारी डीडीआर३ रॅम स्वस्त मिळते तिच्या चिठ्ठीवर कधी कधी बारीक अक्षरात ‘फक्त एएमडीसाठी’ असं असतं. ती तुमच्या इंटेल बोर्डात चालणार नाही, दुकानदार परतही घेणार नाही. रॅम काढलीच आहे तर तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसून घ्या आणि रबराचा चुरा झटकून टाका. डिस्प्ले न येणारी कितीतरी मशीनं एवढ्यानंच सुरू होतात.

विंडोजचं मात्र मनासारखं उत्तर माझ्याकडे नाही. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमनंही त्यावरून २०२३ मध्ये हात काढून घेतला. विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला तुमचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, तिला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पण नाही. जुगाड करून ती बसते, मी बसवलीही आहे, पण हिशेबाच्या मशीनवर बसवत नाही. पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याची जबाबदारी कोण घेणार?

म्हणून माझा सल्ला असा. विंडोज १० टाका, टॅली आणि बिलं तिच्यावर ठेवा, आणि या मशीनवर बँक उघडायचं आणि मेल बघायचं बंद करा. जीएसटीच्या फायली पेन ड्राइव्हनं दुसऱ्या मशीनवर न्या. घरी मुलांसाठी असतं तर मी डोळे झाकून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून दिली असती. हलकी आहे, फुकट आहे, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये तयार मिळतो. पण टॅली तिच्यावर सरळ चालत नाही आणि वडिलांना या वयात नवा पडदा शिकवायचा तर तुम्हाला रोज दुपारी कारखान्यात बसावं लागेल.

मग एवढं करून हेच मशीन का ठेवायचं? मुख्य कारण तुमचा डॉट मॅट्रिक्स. बोर्डाच्या मागं २५ भोकांचं पॅरलल पोर्ट असेल तर ते आजच्या साध्या मशीनला येत नाही. यूएसबीची केबल मिळते, पण ती विंडोजला वेगळंच पोर्ट दाखवते, आणि थेट एलपीटी१ (पॅरलल पोर्टाचं विंडोजमधलं नाव) वर छापणारा जुना प्रोग्रॅम तिला ओळखत नाही. तीन प्रती कार्बननं काढणारा प्रिंटर ज्या पोर्टावर चौदा वर्षं मुकाट चालतोय, त्याला मी हात लावत नाही.

थांबायचं कुठं, तेही ठरवून ठेवा. बोर्डावरचे कॅपॅसिटर डोकं फुगवून बसलेत किंवा बुडातून तपकिरी ओघळ आलाय का बघा. दोन-तीन असतील तर बदलता येतात, १०५ अंशांचे आणि कमी ईएसआरचे (म्हणजे आतला अवरोध कमी असलेले). ८५ अंशांचे स्वस्त मिळतात, पण ते पुढचा उन्हाळा बघत नाहीत. घरच्या २५ वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीनं हे करू नका. बोर्डाचे थर उष्णता पिऊन घेतात, कथिल वितळत नाही, आणि जोर केला की भोकाचा पत्राच निघून येतो. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती क्षार चढला असेल, किंवा पोर्ट एकामागून एक जात असतील, तर बोर्ड संपला असं समजा. वापरलेला एच६१ बोर्ड मिळतो, पण त्याचाही इतिहास तुम्हाला माहीत नसतो. माझा स्वतःचा हिशेब: पंखा, सेल, एसएसडी, रॅम, गरज असली तर एसएमपीएस, सगळं मिळून नव्या मशीनच्या किमतीच्या चौथाईत बसलं तर करायचं. तिच्या वर जायला लागलं की मी गिऱ्हाइकाला स्वतःच थांबवतो.

जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करून वापरायची घाई करू नका. ताब्यात घ्या, वर तारीख लिहा, कपाटात ठेवा. मार्चअखेरचे हिशेब एकदा बंद झाले की मग बघू.

साफसफाई दरवर्षी करायची, आणि तिचा मुहूर्त मी सगळ्या कारखानदारांना एकच देतो: सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली की. जानेवारी संपत आलेला असतो, हवा गार असते, आणि उन्हाळ्याला अजून महिना असतो. यंदा माझ्याकडे आणायचं ठरवलंत तर मॉनिटर आणू नका, पण तुमची पॉवर कॉर्ड जरूर आणा. निम्म्या कॉर्डांचा तिसरा, अर्थिंगचा पाय कुणीतरी मोडून ठेवलेला असतो.